कोल्हापुरात घरच्या घरी स्ट्रॉबेरी: कोजागिरीची लावण ते चैत्राची आवराआवर

कोल्हापुरात स्ट्रॉबेरी येते, पण हिवाळ्यापुरतीच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर उंचीवर आहे, कोल्हापूर ५५० मीटरच्या आसपास. तिथे उन्हाळ्यातही हवा बरी असते. इथे फेब्रुवारी सरता सरता गच्चीची फरशी चटके देऊ लागते. त्यामुळे खत, औषध, कुंडी या सगळ्याच्या आधी तारीख सांभाळावी लागते. कोजागिरीच्या सुमारास लावण, नाताळच्या आगेमागे पहिली फळं, संक्रांतीनंतर भर, आणि चैत्रात जोतिबाची यात्रा भरेपर्यंत बाग आटोपलेली, असा हा हंगाम आहे. डिसेंबरात रोपं आणून लावली तर ती जगतात, पण जेमतेम अंग धरतात तोच ऊन सुरू होतं आणि हाती चार फळं येतात.

आपल्याकडे लावतात त्या बहुतेक जातींना दिवस लहान आणि रात्र गार झाली की फुलकळी सुटते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत दिवस जेमतेम अकरा तासांचा आणि पहाटेचं तापमान १५ अंशांच्या आसपास असतं, ते या रोपाला मानवतं. पारा सतत ३० च्या वर राहू लागला की तेच रोप फुलं सोडून पानं आणि रनर (नवी रोपं धरणाऱ्या लांब दोऱ्या) वाढवण्यात ताकद घालवतं.

रोपं निवडताना

बियांपासून सुरुवात करू नका. आणलेल्या फळावरच्या बिया रुजतात, पण ते रोप मूळ जातीसारखं निघत नाही आणि फळावर यायला महिनोन्‌महिने घेतं. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या निळ्या-जांभळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया तर शुद्ध फसवणूक आहे. निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही.

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार या पट्ट्यातल्या नर्सरींमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार रोपं मिळतात. कोल्हापुरातल्या नर्सरीवाल्यांना आधी सांगून ठेवलं तर तेही मागवून देतात. घरच्या बागेसाठी विंटर डॉन आणि स्वीट चार्ली या जाती घ्याव्यात. दोन्ही लवकर फळावर येतात, आणि आपला हंगाम आखूड असल्याने हाच गुण सगळ्यात मोलाचा. कॅमारोसाचं फळ मोठं आणि टणक असतं, लांबच्या बाजाराला ते बरं. घरी तोडून लगेच खायचं असेल तर टणकपणाचा काय उपयोग?

मुळं आणि पानं यांच्या मधला जाडसर बुंधा, ज्याला क्राऊन म्हणतात, तो निदान करंगळीएवढा हवा. तीन-चार निरोगी पानं, पांढरट किंवा फिकट तांबूस मुळं. वीस-पंचवीस रोपं घेणार असाल तर एक रोप खर्ची घालून क्राऊन उभा कापून बघा. आतून पांढरा असेल तर निर्धास्त घ्या. तांबूस-तपकिरी दिसला तर रोग आत शिरलेला आहे, बाकीची रोपंही महिन्याभरात बसतील.

कुंडीतल्या एका रोपापासून हंगामभरात पाव किलोच्या आसपास फळ धरून चाला. चार माणसांच्या घराला मूठभर फळं वरचेवर मिळायची तर वीस रोपं तरी हवीत. दोन-तीन रोपांत हौस होते, वाटीभर फळ एका वेळी मिळत नाही.

माती

इथली काळी माती उसाला सोनं आहे, पण स्ट्रॉबेरीला नको. ती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी असते. चुनखडीच्या मातीत झाडाला लोह मिळत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. स्ट्रॉबेरीला सामू, म्हणजे मातीचा पीएच, ५.५ ते ६.५ लागतो. नर्सरीत मिळणारी लाल माती या कामाला चांगली.

मिश्रणाचं माप घमेल्याने घ्या: दोन घमेली लाल माती, एक घमेलं कोकोपीट, एक घमेलं गांडूळखत आणि एवढ्याला दोन मुठी निंबोळी पेंड. माती चिकट असेल तर अर्धं घमेलं जाड वाळू घाला. कोकोपीट भिजवून, पिळून, दोन-तीन पाण्यांतून काढा. त्यातले क्षार राहिले तर कोवळी मुळं जळतात. शेणखत वापरायचं तर पूर्ण कुजलेलं, हातात घेतल्यावर चहाच्या चोथ्यासारखं भुरभुरणारं. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. उसाची मुळं खाणारी ही अळी कुंडीत शिरली की दोन दिवसांत रोप माना टाकतं, आणि उपटलं तर मुळं जागेवर नसतात.

मूळ वरच्या वितभरातच पसरतं, म्हणून खोल कुंडीची गरज नाही. ८ ते १० इंची कुंडीत एक रोप, १२ इंची ग्रो बॅगेत दोन, लांबट ट्रेमध्ये दर २५ सेंटिमीटरवर एक. तळाला भोकं भरपूर हवीत, आणि कुंडी दोन विटांवर ठेवली तर ती बुजत नाहीत. परसात लावायचं असेल तर २० ते २५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करा आणि दोन रोपांत आणि दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. सपाट वाफ्यात परतीच्या पावसाची एक सर आली तरी क्राऊन बुडतो.

लावण

संध्याकाळी लावा. मुळं फार लांब असतील तर १० ते १२ सेंटिमीटर ठेवून कात्रीने छाटा. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) कालवून त्यात मुळं दहा मिनिटं बुडवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्राऊनचा मधला कोंब मातीच्या बरोबर पातळीवर आला पाहिजे. तो मातीत गाडला गेला तर सडतो. वर राहून मुळं उघडी पडली तर वाळतो. घरच्या बागेत पहिल्या पंधरवड्यात मरणारी बहुतेक रोपं या एका चुकीने मरतात. पाणी घातल्यावर माती बसते, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा एकेक रोप बघून माती सारखी करा. मुळं खाली सरळ सोडा, वळवून कोंबू नका. पहिले चार-पाच दिवस दुपारी जुन्या पांढऱ्या धोतराची किंवा शेडनेटची सावली द्या. नंतर रोज सहा ते आठ तास थेट ऊन हवं.

रोपं रुजली की आच्छादन घाला. यासाठी कोल्हापुरात उसाचं पाचट हाताशी आहे. वाळलेलं पाचट दोन-तीन इंचांचे तुकडे करून दोन इंच थराने पसरा, क्राऊनभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा. माती गार राहते, पाणी टिकतं, आणि फळ मातीला न टेकल्याने कुजत नाही. रसवंतीवरची ताजी चिपाडं मात्र टाकू नका. त्यांतल्या गोडव्याला मुंग्या लागतात आणि ती आंबतात.

पाणी आणि खत

पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर न उडवता. बोट पेरभर खुपसून ओल लागली तर थांबा. थंडीत ८ इंची कुंडीला दिवसाआड अर्धा लिटर पुरतं, फेब्रुवारीपासून रोज द्यावं लागतं. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर पानांच्या कडा करपतात. स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत. अशा वेळी नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा.

लावणीनंतर पहिल्या तीन आठवड्यांत येणारी फुलं खुडून टाका. जिवावर येतं, पण तेवढ्या काळात मूळ पसरलं तरच पुढे फळं सलग येतात. दोरीसारखे लांब जाणारे रनरही हंगामभर दिसताच कापा.

दर तीन आठवड्यांनी रोपामागे एक मूठ गांडूळखत पुरतं. वाढ मंद वाटली तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा. कळ्या दिसू लागल्या की ते थांबवून ०:५२:३४ त्याच मापाने. युरिया नको. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार, मोठी होतात, फळ मऊ आणि पाणचट येतं आणि त्यावर बुरशीही लवकर बसते.

फळ वाकडं का येतं?

स्ट्रॉबेरीवर ज्यांना आपण बिया म्हणतो ते तिचं खरं फळ. लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचं फुगलेलं टोक. ज्या दाण्यापर्यंत पराग पोचतो त्याच्याभोवतीचाच गर फुगतो. एका बाजूचे दाणे राहून गेले की फळ तिथे आत दबतं, टोकाला गाठ येते. ही रोगाची खूण नाही. पाचव्या-सहाव्या मजल्यावर मधमाश्या कमी फिरकत असतील तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास, फूल उमललेलं असताना, रंगाचा मऊ ब्रश मधल्या पिवळ्या भागावर गोल फिरवा, प्रत्येक फुलाला दोन-तीन दिवस. शेजारी झेंडू किंवा तुळस मंजिऱ्यांसकट ठेवली तर माश्या येतात. फुलं असताना कोणतंही कीटकनाशक फवारू नका.

फळावर करडी लव दिसली तर ती करडी बुरशी. ती धुक्याच्या, ढगाळ दिवसांत वाढते. बाधित फळ लगेच काढून बागेबाहेर टाका, जुनी खालची पानं छाटून हवा खेळती ठेवा. पानं वरून फिकी, ठिपकेदार आणि खालून बारीक जाळी असेल तर ती लाल कोळी ही कीड. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात तो हमखास येतो. पहाटे पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस सलग मारा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी. बुलबुल आणि खारींसाठी मात्र जाळीच हवी. फळ गुलाबी होण्याआधी ती बांधा.

तोडणी

फूल उमलल्यापासून महिन्याभरात फळ तयार होतं. देठाकडचा पांढरा भाग पूर्ण लाल झाल्यावरच तोडा. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग धरते, गोडी वाढत नाही. सकाळी, हिरवी टोपी आणि अर्धा इंच देठ ठेवून कात्रीने कापा. ओढलं तर अख्खा घोस हलतो. खायच्या वेळेपर्यंत धुऊ नका.

चैत्रानंतर

मार्चमध्ये दुपारी ५० टक्के शेडनेट दिलं तर दोन-तीन आठवडे जास्त फळ मिळतं. पुढे झाड जपायचं की नाही हे ठरवा. आमचं मत, रोपं दरवर्षी नवी आणावीत. उन्हाळ्यात वाचलेलं झाड जुलैच्या झडीत सडतं आणि दुसऱ्या वर्षी त्याला फळही कमी येतं. हौस असेल तर निरोगी दोन-तीन झाडं सावलीत ठेवा, एप्रिलपासून रनर येऊ द्या. रनरवरची पानं फुटलेली पहिली गाठ मातीच्या छोट्या कपात तारेच्या चिमट्याने दाबा, तीन-चार आठवड्यांत मूळ धरल्यावर मधली दोरी कापा. पावसाळाभर हे कप पत्र्याखाली, पण उजेडात ठेवा.

कुंडीतली माती पुढच्या वर्षी पुन्हा स्ट्रॉबेरीला वापरू नका. मर रोगाची बुरशी तिच्यात राहते. टोमॅटो, वांगी, मिरची झालेल्या मातीलाही हेच लागू. त्या मातीत मेथी-कोथिंबीर घ्या आणि ऑक्टोबरात स्ट्रॉबेरीसाठी नवं मिश्रण भरा.