फवारणीतली विषबाधा ओळखावी कशी आणि करावे काय

जळगाव-धुळ्याकडे कपाशीवर फवारणी करताना कुणाला दरदरून घाम सुटला, लाळ गळू लागली आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर ऊन लागले असे समजून त्याला सावलीत झोपवून ठेवू नये. मज्जातंतूचा निरोप स्नायूंना व ग्रंथींना पोहोचवणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन काम होताच एका विकराकडून (एन्झाइमकडून) तोडले जाते. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातील औषध नेमके तेच विकर निकामी करते, त्यामुळे निरोप थांबतच नाही आणि घाम, लाळ सुटतच राहते. (विषालाही आपण ‘औषध’च म्हणतो, ही जुनी गफलत.) हातमोजे घालून भिजलेले कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे, मुद्दाम उलटी करवू नये आणि लेबलासह बाटली घेऊन तडक रुग्णालय गाठावे, तेथे दिले जाणारे ॲट्रोपिन ग्रंथींवरील ॲसिटिलकोलिनची जागा अडवते.