मॉडिफाय केलेली निसान आर३३ स्कायलाइन जीटी-आर यूकेत विकताना

आधी एक सांगतो, मॉड्सवर घातलेले पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे बिलांची बेरीज करून किंमत लावू नका. काढून ठेवलेला ओरिजिनल एक्झॉस्ट, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा), बूस्ट (टर्बोचा दाब) कंट्रोल बसवण्याआधीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलं काही गॅरेजमध्ये पडलं असेल तर ते गाडीसोबतच द्या, जीटी-आर घेणारा स्टॉक पार्ट्स आधी विचारतो. जपानचं ऑक्शन शीट (लिलावात गाडीची स्थिती लिहिलेला कागद), एक्सपोर्ट सर्टिफिकेट, ट्यूनिंगची बिलं, डायनो प्रिंट (इंजिनची ताकद मोजल्याचा कागद), सगळं एका फाइलमध्ये. ओडोमीटर किलोमीटरचा की मैलाचा, कधी बदलला, हे जाहिरातीतच लिहा, कारण एमओटीची (यूकेतल्या वार्षिक गाडी तपासणीची) हिस्ट्री कोणीही फुकटात ऑनलाइन बघतो आणि आकडा जुळला नाही की गिऱ्हाईक पळालं! पुढच्या स्ट्रट टॉवरचा (सस्पेन्शन वर जिथे बॉडीला बसतं त्या जागेचा) गंज लपवू नका, जवळून फोटो टाका. आरबी२६ची (या गाडीच्या इंजिनची) कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजून, आकडे दिलेत तर घासाघीस बरीच कमी होते (फुकट फिरायला येणारे तरी येतातच म्हणा). टेस्ट ड्राइव्हला इन्शुरन्स बघितल्याशिवाय चावी द्यायची नाही, इंजिन गरम व्हायच्या आत बूस्ट नाही. पैसे खात्यात दिसले की व्ही५सीमधली (गाडीच्या नोंदणीच्या कागदातली) नवीन कीपरची, म्हणजे गाडी आता ज्याच्या नावावर नोंदवायची त्याची, स्लिप गिऱ्हाइकाला द्या आणि डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याला) लगेच ऑनलाइन कळवा.