मुठेची तब्येत तपासायची तर उजाडण्याआधी

दुपारी दोनला पुण्याच्या मुठा नदीतला विरघळलेला ऑक्सिजन मोजलात तर आकडा हमखास फसवतो. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, म्हणून घाण पाणीही बरं दिसतं. रात्री तेच शेवाळ आणि जिवाणू मिळून तो संपवतात. म्हणून नमुना सूर्योदयाच्या अर्धा तास आधी घ्या. खडकवासला धरणातून विसर्ग चालू असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

जागा तीन पुरेत: एक विठ्ठलवाडीच्या वर, एक शहरातला मोठा नाला मिळतो तिथून खाली आणि एक मुळा-मुठेच्या संगमाच्या अलीकडे. नाल्याच्या तोंडाशीच बाटली बुडवू नका. त्याचं पाणी बरंच अंतर काठ धरून वाहतं. ते नदीत नीट मिसळेल इतकं खाली जाऊन मधल्या धारेतलं पाणी घ्या. बादलीतून बाटलीत धो धो ओतलं की हवा मिसळते आणि सगळी मेहनत वाया जाते. बारीक नळी बाटलीच्या तळाला टेकवून भरा, दोन-तीनदा ओसंडू द्या, बुडबुडा न ठेवता बूच लावा.

300 मिलीच्या बाटलीत लगेच, काठावरच, 2 मिली मँगनीज सल्फेट आणि 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला (हातमोजे घालून, अझाइड विषारी असतं). बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाहीच, पुढचं टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून केलेलं मोजमाप) केलं नाही तरी चालेल. साका तपकिरी असेल तर 2 मिली गंधकाम्ल घालून तो विरघळवा आणि त्यातल्या 203 मिली पाण्यात 0.025 नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट थेंबाथेंबाने घाला. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घाला, निळा रंग गेला की थांबा. जितके मिली लागले, तितके लिटरला मिलिग्रॅम. माशांना किमान 4 लागतो, आंघोळीच्या पाण्याला 5.

एका सकाळचा आकडा म्हणजे एका सकाळचीच गोष्ट. महिनाभराचा हिशोब दगडाखाली सापडतो. पाय बुडवण्याआधी गमबूट घाला. दहा दगड उलटा, खालचं चहाच्या गाळणीत धुऊन पांढऱ्या ताटात पाहा. मेफ्लाय या पाणकिड्याच्या चपट्या अळ्या दिसल्या तर पाणी चांगलं. नुसत्या लाल अळ्या आणि दोऱ्यासारखे किडे दिसले तर सांडपाणी मुरलेलं आहे. अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्यावरच त्या कमी ऑक्सिजनमध्ये तगतात. हिरवीगार जलपर्णी बघून खूश होऊ नका, तिला नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर मिळतोय एवढाच त्याचा अर्थ.

नदी लोकांची किती उरली आहे, हेही मोजता येतं. 'नदी महत्त्वाची वाटते का?' असं विचारलंत तर सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी 'पाण्याजवळ शेवटचं कधी आलात, कशासाठी?' असं विचारा. सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी 5 ते 7, दर तासाला पंधरा मिनिटं डोकी मोजा: कपडे धुणारे, गुरं आणणारे, गळ टाकणारे, दशक्रियेला आलेले, नुसते बसलेले. कामाचे दोन दिवस, एक रविवार आणि एक अमावास्या घ्या, नाहीतर अमावास्येच्या विधींची गर्दी निसटते. शेवटी काठ चालत जा आणि पाण्याला हात लावता येतो अशा जागा नकाशावर टिपा. भिंतीवरून नदी नुसती दिसते, ती जागा धरू नका.