कोपऱ्यावरचा कचरा: आधी वही, मग झाडू

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. समोर विजेची डीपी आणि तिच्या आडोशाला कायम कचऱ्याचा ढीग. सकाळी गाडी उचलून न्यायची, संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढाच. तक्रार केली की ‘निराकरण झाले’ असा मेसेज यायचा. शेवटी आम्ही सहा जणींनी तो कोपरा मोकळा केला. तुमच्याकडेही असा कोपरा असेल, तर झाडू नंतर घ्या, आधी वही घ्या.

आठ दिवस फक्त नोंद करा: किती वाजता, कशात, काय टाकलं. नावं लिहू नका. आमची खात्री होती की कचरा बाहेरचे लोक टाकतात. वहीत वेगळंच निघालं. सकाळी सहा ते सात या वेळात आमच्याच गल्लीतली माणसं कामाला निघताना गाडीच्या हुकाला लावलेली पिशवी न थांबता भिरकावत होती. रात्री अकरानंतर एका खानावळीचं उरलंसुरलं यायचं. आणि अधूनमधून टेम्पोभर राडारोडा. तिघांना एकच उपाय चालत नाही.

सकाळच्या लोकांशी बोलताना ‘तुम्ही टाकता’ म्हणू नका. ‘तुमच्याकडे कचरा न्यायला कोणी येतं का?’ असं विचारा. एका भाडेकरू मुलीला घरमालकाने काही सांगितलंच नव्हतं. बाकीच्यांच्या घराला कचरा न्यायला ताई यायच्या वेळी कुलूप असायचं. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. २००८ पासून पुण्यात दारोदार कचरा गोळा करण्याचं काम ही संस्था करते. कोणत्या घरातून कचरा मिळत नाही, हे ताईंना तोंडपाठ असतं, म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. त्यांच्याशी बोलूनच आम्ही जिन्याखाली झाकणाच्या दोन बादल्या ठेवल्या, ओल्याची आणि सुक्याची. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ताईंचा हात त्यात जात नाही. हातमोजे घालून मी त्या ढिगातली एक पिशवी उघडली होती. वरणभातात उघडे पॅड कालवलेले होते. हे ताई रोज हाताने निवडत होत्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खानावळवाल्याकडे दुपारी तीननंतर जा, गिऱ्हाईक नसताना. रस्त्यावर कचरा टाकायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, हे शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकांना वही दाखवा. तारीख-वेळ लिहिलेली असली की दंडाची पावती फाडणं त्यांना सोपं जातं.

राडारोड्याच्या टेम्पोला रात्री अडवायला जाऊ नका. नंबर आणि वेळ टिपा, लांबून फोटो काढा. मग आसपास कुणाच्या घराची तोडफोड चालू आहे ते बघा. टेम्पोवाल्याला पैसे त्या घरमालकानेच दिलेले असतात, म्हणून आधी त्यांच्याशी बोला. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्याल तेव्हा आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. कुणी ढीग पेटवत असेल, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळायला ५,००० रुपये दंड आहे, हेही अर्जात लिहा.

एवढं झाल्यावर सफाई. सफाई कामगारांच्या मुकादमांना भेटून दिवस ठरवा. नुसता ढीग उचलून भागत नाही, खालची काळी माती खरवडून काढा, नाहीतर वास राहतो आणि वासावर पिशव्या येतात. आम्ही जागा धुतली, चुना टाकला, रांगोळी काढली. भिंतीवर देवांच्या फरशा लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ढीग दहा पावलं पुढे सरकतो, नाहीतर देवापाशीच पडतो. कचराकुंडीही मागू नका. कुंडी आली की तिच्याभोवती ढीग आलाच.

पुढचे पंधरा दिवस पहाटे सहाला पाळीपाळीने खुर्ची टाकून बसा. एखादी पिशवी पडलीच तर लगेच उचला, कारण एक दिसली की तासाभरात पाच होतात. दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या गाद्या-उशा बाहेर निघतात, तो आठवडा पुन्हा बसायला लागतं.