वळणाआधीच ब्रेक लावा

ग्रॅन टुरिस्मो ७ या प्लेस्टेशनवरच्या कार रेसिंग गेममध्ये गाडी वळणावर सरळच निघून जाते, असं होत असेल तर वेग कमी करायला उशीर होतोय. टायरची पकड मर्यादित असते. ती पूर्ण ब्रेक लावण्यातच खर्च झाली, तर वळायला काही उरत नाही.

म्हणून सरळ रस्त्यावरच एल२ (कंट्रोलरवरचं ब्रेकचं बटण) जोरात दाबा. स्टिअरिंग वळवायला लागलात की बोट हळूहळू सैल करा, झटक्यात सोडू नका. थोडा ब्रेक राहिला की वजन पुढच्या चाकांवर टिकतं आणि गाडी आत वळते. आर२ (वेग वाढवायचं बटण) तर त्याहून जपून: स्टिअरिंग जसं सरळ होत जाईल तसा दाब वाढवायचा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत घाई केली की शेपूट फिरलीच.

सराव जपानच्या त्सुकुबा ट्रॅकवर करा. जेमतेम दोन किलोमीटरचा, त्यामुळे तेच वळण मिनिट-सव्वा मिनिटात पुन्हा समोर येतं. गाडी माझदा रोडस्टरसारखी हलकी घ्या. जर्मनीतल्या २० किलोमीटरहून लांब न्यूरबुर्गरिंग नॉर्डश्लाइफे ट्रॅकचा मोह सध्या आवरा. तिथे चूक सुधारायला पुढच्या फेरीची वाट बघावी लागते.

एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी मदत) खुशाल चालू ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना चाकं घसरू न देणारी मदत) मात्र रोज एकेक आकडा खाली आणा. रस्त्यावरची ब्रेकची खूणही बंद करून बघा, आणि कडेची पाटी किंवा कठडा लक्षात ठेवून ब्रेक लावा. मला स्वतःला सर्वांत जास्त फायदा यानेच झाला.