डेटाबेस उघडण्याआधी

लायब्ररीतल्या कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी कोरा कागद घ्या आणि विषय प्रश्नाच्या रूपात लिहा. 'महाराष्ट्रातला दुष्काळ' हा अजून प्रश्न नाही. '१९७२च्या दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना कशी उभी राहिली?' हा प्रश्न आहे, आणि तो शोधता येतो.

आता त्यातल्या एकेका शब्दाला पर्याय लिहा. इथे घाई नको, खरी मेहनत इथेच आहे. या विषयावरचं पुष्कळ लेखन इंग्रजीत आहे. तिथे कुणी 'ड्रॉट' लिहितं, कुणी 'फॅमिन', आणि सरकारी कागदांत 'स्कॅर्सिटी' येतं. एकाच शब्दावर थांबलात तर बाकीचं निसटतं. जिल्ह्यांचंही तसंच. जालना जिल्हा १९८१ साली झाला, लातूर १९८२ साली. म्हणून जालन्याची १९७२ची आकडेवारी औरंगाबादखाली पाहावी लागते, आता त्याच जिल्ह्यात असलेल्या परतूर तालुक्याची तर परभणीखाली. धाराशिव टाकून जुनं फारसं हाती लागणार नाही, उस्मानाबादच टाका.

समानार्थी शब्द कंसात घेऊन मध्ये 'ऑर' लिहा, वेगळ्या कल्पना 'अँड'ने जोडा. दोन्ही कॅपिटल अक्षरांत. योजनेचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर 'एम्प्लॉयमेंट' आणि 'स्कीम' सुटे सुटे सापडत राहतील. 'नॉट' मात्र जपून वापरा. २००५चा केंद्राचा कायदा नको म्हणून 'नरेगा' वगळलंत, तर दोन्ही योजनांची तुलना करणारे चांगले लेखही गळतात. वर्षाची चाळणी लावतानाही लक्षात ठेवा, ते वर्ष लेख छापल्याचं असतं, घटनेचं नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदाच १९७७चा. १९७२-७३ एवढंच निवडलंत तर त्याबद्दलचं काहीच दिसणार नाही.

एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन वाचनसाहित्य देणाऱ्या सेवेचं, लॉगिन ग्रंथपालांकडून आधीच मागून घ्या, सबमिशनच्या आठवड्यात नको. कॉलेजला काय काय उघडतं तेही त्यांनाच विचारा. त्यांना माहीत असतं आणि विचारलेलं आवडतंही. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात आहेत, या विषयाला ते हवेतच. शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, सगळ्यांना मोफत खुली आहे. तिथे मराठी प्रबंधांसाठी शब्द देवनागरीत टाका आणि रोमन लिपीतही. जवळचा एखादा प्रबंध मिळाला की आधी शेवटची संदर्भसूची वाचा. कुणीतरी काही वर्षं खपून केलेली वाट तिथे आयती मिळते.

एक वही शेजारी असू द्या: तारीख, डेटाबेस, टाकलेले शब्द जसेच्या तसे, किती निकाल आले. हजारांवर आले तर एक 'अँड' वाढवा, पाच-सहाच आले तर एखादा 'ऑर'. उघडत नसलेल्या लेखाचं शीर्षक, लेखक, अंक, पानं टिपून ठेवा आणि ती चिठ्ठी ग्रंथपालांकडे द्या.