उन्हाळ्यात घरी बसून वेळ घालवताय? या चुका टाळा (आमच्या सगळ्या करून झाल्यात)

मी अकोल्याची, म्हणजे मे महिन्यात पारा 42 वर आला की आमच्याकडे "आज बरं वाटतंय" म्हणतात. नागपूरला 2013 च्या मे मध्ये 47.9 झालं होतं. हवामान खात्याच्या हिशोबात 45 ला उष्णतेची लाट आणि 47 ला तीव्र लाट, पण पोरांना हे सांगून काय उपयोग, त्यांचं सकाळी अकरालाच "आई बोर होतंय" सुरू होतं. मग आपण उत्साहात प्लॅन करतो, छंद, पत्ते, वाळवण, बाग, आणि चौथ्या दिवशी सगळे पुन्हा मोबाईल घेऊन लोळत पडलेले.

का? तर आपण टाईमटेबल दिवाळीच्या सुट्टीसारखं करतो. दहाला नाश्ता, अकराला चित्रकला, बाराला कुंड्या. नवतप्यात (मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस) असं चालत नाही हो. इथे दिवसाचे दोनच तुकडे कामाचे, उजाडल्यापासून साडेआठ-नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेसहानंतर, मधे जे उरतं त्यात फक्त बसून किंवा आडवं होऊन जमेल तेवढंच ठेवायचं.

हे मला कुरडयांनी शिकवलं. मागच्या वर्षी आईने आणि मी हौसेने घातलं, गहू तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढून रात्रभर ठेवला, सगळं बरोबर. आणि सकाळी उठायलाच उशीर! चीक शिजायला टाकला साडेआठला. फॅन लावला की गॅसची ज्योत हलते म्हणून तो बंद, एकीने पातेलं धरायचं दुसरीने घोटायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, दोघी घामाने ओल्याचिंब. सोऱ्या घेऊन गच्चीवर पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते, प्लास्टिकवर गुडघा टेकला की चटका. वीसेक कुरडया झाल्या असतील आणि आई म्हणाली मला गरगरतंय. खाली आणून आडवं केलं, मानेला ओला पंचा, साखर-मिठाचं पाणी थोडं थोडं पाजलं (एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने टाकू नका), अर्ध्या तासात बरी झाली. यावर्षी चीक पहाटे साडेचारला गॅसवर आणि साडेसातला आम्ही खाली, चहा घेत.

हे फक्त गरगरण्यापुरतं हं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं तर तोंडात पाणी ओतत बसू नका, आधी 108 ला फोन, सावलीत घेऊन अंग ओलं करा, वारा घाला. आणि खिशात कांदा ठेवलाय म्हणून निर्धास्त फिरू नका, कांदा भाकरीसोबत चांगला.

आता कूलर. अर्धी भांडणं त्याच्यामुळेच. दुपारी मेंढीकोट मांडला की पत्ते उडतात, आणि उडालेला पत्ता नेमका दहाचाच असतो (या खेळात सगळी लढाई दहाच्या पत्त्यांसाठीच) आणि मग तो खेळलेला धरायचा की नाही यावर तास जातो. आमचा उपाय सोपा, झोताच्या समोर नाही बसायचं, बाजूला भिंतीकडे बसायचं आणि पडलेल्या पत्त्यांवर अडकित्ता ठेवायचा.

कॅरमचा स्ट्रायकर अडकतोय, पावडर टाकून पण सोंगट्या सरकत नाहीत? बोर्ड खराब नाही झाला, खोली दमट झालीय. बऱ्याच घरी एसी असल्यासारखं दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवतात. अहो त्या हवेला बाहेर जायला वाट लागते, समोरची खिडकी थोडी उघडा, गारवा पण वाढतो आणि चिकचिक जाते. नवऱ्याच्या तबल्याचं पण तेच, दमट हवेत पुडी (वरचं चामडं) सैल पडून सूर उतरतो, तो बिचारा हातोडी घेऊन लाकडी गठ्ठे ठोकत बसायचा, शेवटी तबला दुसऱ्या खोलीत नेला.

शाडूचं उलटं. कोरड्या खोलीत फॅनखाली पोरांनी केलेले बैल तासाभरात तडकले आणि धाकट्याने भोकाड पसरलं. त्यावर ओलं फडकं टाकून ठेवायचं, हळूहळू वाळू द्यायचं.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. पोरांना "कूलरमध्ये पाणी टाक रे" असं काम सांगू नका. कूलर चालू असताना ओल्या हाताने पत्र्याला हात लागून शॉक बसतो, आमच्या भागात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. पाणी मोठ्या माणसाने भरायचं, नुसतं बटण बंद करून नाही, प्लग काढून, पायात चप्पल घालून. अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

म्हाताऱ्या माणसांची वेगळीच गंमत, "मला तहानच नाही लागत" म्हणतात आणि खरंच लागत नाही, वयाने ती कमी होते. म्हणून विचारत बसू नका, ग्लास हातात द्या. आमच्याकडे प्रत्येक डाव संपला की पिसणाऱ्याने सगळ्यांना पन्हं नाहीतर ताक द्यायचं असा नियम आहे, त्यामुळे बाबा मुकाट पितात. बीपीची गोळी चालू असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून.

मोबाईलवर बंदी घालून काही होत नाही, फक्त चार्जिंगला लावून गेम खेळू देऊ नका, अशा उन्हात तो तव्यासारखा तापतो.

आणि कुंड्या. दुपारी पाईप सुरू करून झाडांना पाणी घातलं तर पहिलं पाणी चहा करण्याइतकं गरम येतं, माझा मोगरा असाच गेला. आता पोरं रात्री झोपताना दोन बादल्या भरून जिन्याखाली ठेवतात आणि सकाळी सहाला मगाने घालतात. कोणाच्या कुंडीला आधी कळी येते यावर दोघांची पैज लागलीय, सध्या मोठी पुढे आहे.